कलापूरला कलादालन कशाला?

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. चित्रकार जन्माने पंढरपूरचा, त्यामुळे मराठी वाचकांतही या आकड्याची चर्चा बरीच झाली. चित्राची त्याआधीची हकिकत मात्र मागेच राहिली. 1954 साली रंगवलेलं हे चित्र त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरने विकत घेतलं, पुढे ते नॉर्वेमधल्या ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि काही दशकं तिथेच राहिलं. एवढ्या काळात कॅनव्हासवरची एक रेघही हलली नाही. बदलली ती घेणाऱ्यांची ऐपत आणि हौस. म्हणजे लिलावाच्या आकड्यावरून श्रीमंतांकडे किती पैसा आहे हे कळतं, त्या चित्राने समाजाला काय दिलं हे कळत नाही. ते समजून घ्यायचं तर ज्या गावात चित्रकला हा अनेक घरांचा रोजचा धंदा होता, त्या 'कलापूर' म्हणवणाऱ्या कोल्हापूरकडे पाहावं. या गावाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव असं सांगतो की कलेचा समाजाला होणारा उपयोग ती किती डोळ्यांना, किती वेळा दिसते यावर ठरतो. आणि हे दिसणं आपोआप घडत नाही, त्याची सोय करावी लागते.

ही सोय पहिल्यांदा दरबाराने केली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांनी पंचगंगेचा घाट, रंकाळा, कोटितीर्थ असा भोवतालचा परिसर रंगवला. रोज पाहिलेलं पाणी आणि रोज अंगावर घेतलेलं ऊनही चित्राचा विषय होऊ शकतं, हे कोल्हापूरला कळलं ते त्यांच्यामुळे. पण आश्रय एका माणसाचा होता. 1922 मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. ती शब्दशः खरी धरण्याचं कारण नाही. मात्र गावाने ती इतकी वर्षं सांभाळून ठेवली, यामागे एक समज आहे: पाहणारा एकच असेल तर तो गेल्यावर चित्रही निराधार होतं.

दुसरी सोय धंद्याने केली आणि ती जास्त दूरवर पोचली. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचा हात घडला तो नाटकांच्या पडद्यांवर. संगीत नाटकाचा रंगवलेला पडदा हे त्या काळचं सर्वांत मोठं सार्वजनिक चित्र होतं: महाल, अरण्य, रस्ता असा एकेक देखावा तिकीट काढून आलेला सगळा प्रेक्षकवर्ग तासन्‌तास पाहत असे. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 1920 च्या 'सैरंध्री'पासून 1925 च्या 'सावकारी पाश'पर्यंतच्या चित्रपटांत त्यांची चित्रकाराची नजर नेपथ्यात आणि प्रकाशयोजनेत उतरली, शिवाय जाहिरातीच्या पोस्टरांतूनही ती रस्त्यावर आली. त्याच परंपरेतून निघालेली प्रभात कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली, तरी कोल्हापुरात व्यक्तिचित्रं, पुतळे आणि फलक करणाऱ्या हातांचं काम सुरू राहिलं. दळवीज आर्ट्स आणि कलानिकेतनसारख्या संस्थांतून नवी मुलं तयार होत राहिली. चित्रकार आणि समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना. शिल्प चौकात उभं राहिलं की गाव स्वतःबद्दल काय मानतं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज सांगत राहतं. कलेचं सामाजिक मोल म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

मग कोल्हापुरात कायमचं सार्वजनिक कलादालन हवं असं म्हटलं, की पहिला आक्षेप येतो. कला रस्त्यावर आणि रंगमंचावर एवढी फुलली, तर बंद खोलीतल्या दालनाची गरजच काय? गरज आहे, कारण वापरातली कला वापरातच झिजते. पडदे फाटतात, पोस्टरवर पुढच्या खेळाचं पोस्टर चिकटतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. जे उरलं आहे ते विखुरलेलं आहे: काही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात, ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंच्या शेजारी, चंद्रकांत मांढरे यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची कामं राजारामपुरीतल्या त्यांच्या घरात, जे त्यांनी संग्रहालयासाठी शासनाला दिलं, बाकीचं घराघरांतल्या भिंतींवर आणि माळ्यांवर. दसरा चौकातल्या शाहू स्मारकाच्या दालनात प्रदर्शनं लागतात, पण थोड्या दिवसांत उतरतातही. आबालाल, बाबूराव, बागल, रवींद्र मेस्त्री आणि आजचे तरुण यांची कामं शेजारीशेजारी लावली, तरच कोण कुणाकडून काय शिकला आणि कुणी कुठे वाट बदलली हे सामान्य माणसाला दिसेल. चांगलं-वाईट ओळखण्याची नजर अशा तुलनेतूनच तयार होते. गाणं जाणण्यासाठी जसं पुष्कळ गाणं कानावरून जावं लागतं, तसंच हे आहे.

'लोक येतच नाहीत' हा दुसरा आक्षेप. तो अनुभवाचा असला तरी निदान चुकीचं आहे. टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' संस्थेच्या 'मैफल रंगसुरांची' या कार्यक्रमात चित्रकार लोकांसमोर रंगवतात, शिल्पकार माती हाताळतात, जोडीला गाणं असतं. तिथे फिरायला आलेली माणसंही थांबून पाहतात. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा गावाला जे दुःख झालं ते इमारतीपुरतं नव्हतं. लोकांना कलेचं वावडं नाही. त्यांना अडतो तो दालनाचा उंबरठा: नोकरदाराला न जमणाऱ्या वेळा, चित्राखाली नाव आणि साल यापलीकडे काही न सांगणारी चिठ्ठी, आणि 'यातलं आपल्याला काय कळतंय' हा संकोच. संध्याकाळी उघडं राहणारं, सोप्या मराठीत समजावणारं आणि शाळांना नेमाने बोलावणारं दालन ओस पडेल असं मानायला आधार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने ज्या शहराला वेढलं, त्याने पैसा आधी गटारं, रस्ते आणि दवाखान्यांवर घालायचा की चित्रांवर? पूर आणि चित्रं यांत एकच निवडायचं असेल तर पूरच आधी येईल. पण अशी निवड प्रत्यक्षात क्वचितच समोर येते; दालनाचा वार्षिक खर्च शहराच्या मोठ्या कामांच्या मानाने फार किरकोळ असतो. कोल्हापूरचाच दाखला घ्या. राधानगरी धरणाचं काम, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ही तिन्ही कामं एकाच राजाने, शाहू महाराजांनी, हाती घेतली. शेजारच्या औंधसारख्या छोट्या संस्थानाने 1938 मध्ये चित्रसंग्रहालय उभारलं. ही संस्थानं श्रीमंत होती म्हणून हे झालं, असं औंधबद्दल तरी कुणी म्हणणार नाही.

उरतो वशिल्याचा प्रश्न. सरकारी दालन म्हटलं की मर्जीतल्यांची चित्रं आणि फोटोंवरची धूळ डोळ्यांसमोर येते, आणि ही भीती पोकळ नाही. तिच्यावर उपाय आहे तो नियमांचा: ठरावीक मुदतीने बदलणारी निवड समिती, खरेदीची जाहीर यादी, प्रत्येक चित्राची नोंद आणि त्याच्या स्थितीची वेळोवेळी तपासणी. आज चित्रकार बहुधा दालनाचं भाडं, फ्रेम आणि निमंत्रणपत्रिका यांचा खर्च खिशातून करतो आणि विक्री झाली नाही तर चित्रं घरी घेऊन जातो. दरवर्षी थोडीच पण उघडपणे निवडलेली चित्रं सार्वजनिक संग्रहासाठी विकत घेतली, तर हा भार काही अंशी समाज उचलेल आणि त्याच्या बदल्यात त्याला कायमची मालमत्ता मिळेल.

म्हणून सुरुवात इमारतीच्या कोनशिलेने करू नये. आधी यादी करावी: कोल्हापूरच्या चित्रकारांची कोणती कामं कुठल्या संस्थेत, कुठल्या घरात आहेत, कोणती तातडीने दुरुस्त करायला हवीत, कोणते मालक ती काही काळ उसनी द्यायला तयार आहेत. या कामाला फार पैसा लागत नाही. माहीतगार माणसं आणि कलामहाविद्यालयांचे विद्यार्थी लागतात, आणि कोल्हापुरात ते दोन्ही आहेत. यादी झाली की किती मोठं दालन लागेल हे तीच सांगेल. ती होईपर्यंत कलापूर हे बिरुद आपण मागच्या पिढ्यांच्या पुण्याईवर मिरवतो आहोत, हे मान्य करावं लागेल.