गाळा घेताय? डिपॉझिट देण्याआधी मीटर बघा

घरच्या पडवीत सुरू केलेला मसाला-पापडाचा धंदा वाढला की पडवी पुरत नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी गाळा शोधणं सुरू होतं. बरेच जण बाजाराच्या दिवशी जागा बघतात, गर्दीला भुलतात अन् तिथंच डिपॉझिट देऊन मोकळे होतात. बाकीचे सहा दिवस त्या गल्लीत कुत्रंही फिरत नाही, हे नंतर कळतं.

पण खरा घोळ मीटरचा. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरतात आणि दुप्पट दरानं आकारणी होते. मालक म्हणतो, "काही होत नाही." बिल आल्यावर तो फोन उचलत नाही. कांडप यंत्र बसवायचं असेल तर थ्री फेज जोडणी मिळेल का, हेही आधीच विचारा.

वीजबिल अन् घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. जीएसटी नोंदणीला हेच कागद लागतात. वारस चार अन् करार करून देणारा एकच भाऊ असेल, तर बाकीच्यांची लेखी संमती घ्या. नाहीतर उद्या दुसरा भाऊ येऊन कुलूप लावील. अन्न परवान्यावरचा पत्ताही बदलून घ्यावा लागतो.

नुसती नोटरी पुरत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, अन् ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल अन् वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला एवढं सांगून बघा.