नोटेवरचं वचन

मैत्रिणींनो, गटाचे पैसे मोजून झाले की शंभराची एक नोट बाजूला काढा. ही नोट आणणाऱ्याला शंभर रुपये देण्याचं वचन त्यावर हिंदीत नि इंग्रजीत छापलेलं आहे. आमच्या मारेगावच्या बैठकीत एकीनं विचारलं, "हेच तर शंभर रुपये. मग आणखी कोणते देणार?"

या प्रश्नासाठी कंपनी सरकारच्या काळात जावं लागतं. व्यापाराचा मक्ता घेऊन आलेली ईस्ट इंडिया कंपनी राज्यकर्ती झाली. १८३३ च्या कायद्यानं तिचा व्यापार थांबला, राज्य राहिलं. तिच्या आमदानीत, १८४० मध्ये, मुंबईत 'बँक ऑफ बॉम्बे' निघाली. भांडवलात सरकारचाही वाटा होता. पैसा म्हणजे तेव्हा चांदी, रुपया एक तोळ्याचा. बँकेची नोट ही त्या चांदीची चिठ्ठी. खिडकीवर नोट द्यायची नि रुपये मोजून घ्यायचे. म्हणजे वचन खरंच पाळायचं होतं!

पण खिडकी मुंबईत. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं, तरी इथल्या बाईनं तो कागद घेऊन काय करावं? चांदीसाठी मुंबई गाठावी?

१८६१ च्या कायद्यानं नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून सरकारकडे गेला. हे बरंच झालं म्हणायचं. कारण तेव्हाच अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत शेअरांचा सट्टा माजला, बँकेनं शेअर तारण घेऊन कर्जं वाटली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडले आणि १८६८ मध्ये बँक मोडली. त्याच नावानं नवी बँक उभी राहिली. आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वजांत तीही येते.

आता नोटेवर चांदी मिळत नाही. खिडकीवर सुटे किंवा दुसऱ्या नोटा मिळतात. वचन जुनं, त्यामागे आता सरकारची हमी.

आपल्याला मात्र अजून चिठ्ठ्या मिळतात. गटातल्या एकीनं संक्रांतीला कापूस घातला, व्यापाऱ्यानं पैशाऐवजी चिठ्ठी दिली. पैसे हाती आले जूनमध्ये, तोवर बियाणं उसनवारीवर आणून झालं होतं. ती चिठ्ठी आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. आकडा होता. कधी देणार ते नव्हतं, सहीही नव्हती.