नांदेड किती मिनिटांवर?

मागे एकदा खुलताबादच्या एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. शेवटी नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, चिकलठाण्याहून विमान सरळ नांदेडला निघाले, तर किती वेळात पोहोचेल?" मी फळ्यावर भागाकार केला आणि सांगितले, "सव्वीस मिनिटांत." उत्तर चुकले होते. कसे, ते पाहू.

प्रथम अंतर काढू. चिकलठाणा विमानतळ १९.८६ उत्तर अक्षांशावर व ७५.४० पूर्व रेखांशावर आहे, नांदेडचा १९.१८ व ७७.३२ वर. अक्षांशांत फरक ०.६८ अंश, रेखांशांत १.९२ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवांकडे जवळ येत जातात. म्हणून तेथे १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. साडेएकोणीस अंशांचा कोसाइन ०.९४३, म्हणून आपल्या भागात एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे नांदेड आपल्या दक्षिणेस ७५ आणि पूर्वेस २०२ किलोमीटर. एवढ्या लहान अंतरात पृथ्वी सपाट मानली तरी चालते. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण येतो सुमारे २१५ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर अडीचशेहून अधिक आहे.

लहान विमानतळांवर दिसणारे पंख्याचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. २१५ भागिले ५००, झाली सव्वीस मिनिटे!

पण हा वेग मधल्या वाटेवरचा. विमान आधी धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, मग चढते, शेवटी वेग कमी करीत उतरते. शिवाय ते वाऱ्याच्या समोर तोंड करून उड्डाण करते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला, तर विमान नांदेडकडे पाठ करून उडेल आणि मग वळेल! हे सारे धरले, तर पाऊण तास सहज लागेल. वेळापत्रकातला वेळही विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो.

आता वाऱ्याची गंमत पाहा. समजा, वर ताशी ५० किलोमीटरचा पश्चिमवारा आहे. जाताना वेग ५५०, वेळ साडेतेवीस मिनिटे. येताना वेग ४५०, वेळ जवळजवळ २८.७ मिनिटे. बेरीज ५२.१, वारा नसता तर ५१.६. जाताना मिळालेले येताना पुरते फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. वारा ताशी ५०० चा असता, तर विमान परत आलेच नसते!

हा हिशेब केवळ गमतीचा नाही. प्रत्यारोपणासाठी दान केलेले हृदय बर्फात ठेवूनही साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. तेथे केवळ उड्डाणाची मिनिटे मोजून भागत नाही. रुग्णालयाच्या दारापासून दुसऱ्या रुग्णालयाच्या दारापर्यंतचा प्रत्येक टप्पा मोजावा लागतो. माझ्यासारखी फळ्यावरची घाई तेथे एखाद्याच्या जिवावर बेतेल.

आता तुमची पाळी. खुलताबाद सुमारे २०.०१ उत्तर अक्षांशावर, ७५.१९ पूर्व रेखांशावर आहे. तेथून चिकलठाणा विमानतळाचे हवाई अंतर काढा आणि रस्त्याच्या अंतराशी ताडून पाहा. घाटाने किती किलोमीटर वाढवले, ते कळेल.