बचाव फुटतो कुठे, बॉस?

शनिवारी गाडी काढली ती थेट आरे-वारे! रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना लागणारे हे जुळे किनारे. ओल्या वाळूत रेघा मारून आमच्या कॉलेजची ज्युनिअर पोरं कबड्डीची प्रॅक्टिस करत होती. सलग तीन मॅचेस हरलेली. "दादा, चढाया झकास होतात, पकडीच होत नाहीत," कॅप्टन कळवळून म्हणाला.

वीस मिनिटं बघितलं आणि रोग सापडला. डाव्या कोपऱ्यावरचा पोरगा शेजाऱ्याचा हात सोडून एकटाच चवड्यावर झेपावतो. साखळी तुटली, की चढाईपटूला मधल्या रेषेकडे वाट मोकळी! टीव्हीवर आपण उडी बघतो, साखळी नाही. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये, तोवर सलग 7 सुवर्णं जिंकलेल्या भारताला इराणने उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं. त्यांचा डावा कोपरा होता प्रो कबड्डी गाजवलेला फझल अत्राचली.

मग काय, पॅण्ट दुमडून मीही कोपऱ्यावर उभा राहिलो. नियम एकच: हाक आल्याशिवाय हात सुटणार नाही. तिसऱ्याच चढाईला चौघांनी मिळून गडी दाबला!

निघताना पोरांना एक गोष्ट सांगून टाकली. आमच्या फायनलला मी घसरलो नव्हतो. हात मीच सोडला होता.