अल्लाचे पाहुणे आणि ग्राहकाचे हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला अक्षरओळख दिली. ‘वाचल्याशिवाय सही करू नये’, हा त्यांचा पाठ क्रमिक पुस्तकात नव्हता. पुढे वकिली करताना पदोपदी त्याची आठवण झाली. आजचा विषय त्याच पाठाचा विस्तार आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. हैदराबाद–सोलापूर महामार्गालगत आपल्या मन्नाएखेळ्ळीत शिवणकाम करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. आयुष्यभर मशीन चालवून जमविलेली पुंजी त्यांनी हजसाठी एका मध्यस्थाच्या हाती दिली. करार नाही, पावती नाही. हाती होते ते केवळ त्या इसमाचे ओळखपत्रवजा कार्ड. ‘हरमपासून पायी दहा मिनिटे’ असे सांगितलेली खोली प्रत्यक्षात कोसभर दूर निघाली. चौघांच्या जागेत आठ माणसे कोंबली होती, आणि सोबत येणारा मार्गदर्शक तिसऱ्याच दिवशी दिसेनासा झाला. परतल्यावर मी म्हटले, “चाचा, तक्रार करूया.” ते हसून म्हणाले, “हज को जाके शिकायत करूँ तो सवाब क्या बचता, बेटा?”

या उत्तरापुढे मी त्या दिवशी निरुत्तर झालो. आज जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नाला उशिरा सुचलेले उत्तर आहे.

हज ही अन्य प्रवासासारखी गोष्ट नव्हे. तिचे विधी जिल्हेज महिन्याच्या आठव्या ते तेराव्या दिवसांत बांधलेले असतात. नवव्या दिवशी अरफातच्या मैदानातील उपस्थिती चुकली, तर त्या वर्षीची हजच चुकली. बस उशिरा आली तर इतरत्र प्रवाशाचे काही तास वाया जातात. तिथे आयुष्यभराचा संकल्प वाया जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१२ रोजी खासगी यात्रा-कंपन्यांविषयीच्या निकालात नेमके याकडे लक्ष वेधले. आयोजकाच्या गैरव्यवस्थेमुळे यात्रेकरू आयुष्यभराची बचत तर गमावतोच, पण त्याहून मोठे म्हणजे हजच गमावतो, असा त्या विवेचनाचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या या प्रकरणात कंपन्या आपल्या व्यवसायाच्या हक्काविषयी भांडत होत्या. न्यायालयाने मात्र यात्रेकरूचे हित अग्रभागी ठेवले.

यात्रेकरूंच्या संरक्षणाचा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबई हे हजचे मोठे बंदर होते. तिकिटांचे दलाल आणि खच्चून भरलेली जहाजे यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १८८६ साली सरकारने थॉमस कुक कंपनीकडे ही वाहतूक सोपविली. काही वर्षांतच तिने अंग काढून घेतले. १८८७ साली मुंबई इलाख्यात यात्रेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे १९३२ साली बंदरांवरील हज समित्यांचा, १९५९ साली हज समितीचा आणि २००२ साली आजचा हज समिती कायदा आला. १९९५ साली जहाजाची वाट बंद होऊन सारी यात्रा विमानाने होऊ लागली. साधन बदलले; दलाल मात्र बंदरावरून गल्लीत आला.

आपल्या भागाचा एक वारसाही इथे नमूद केला पाहिजे. बिदर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत. निजामाच्या काळात मक्केत स्थापन झालेल्या रुबातीत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, जुन्या संस्थानी मुलखातील हाजींना विनामूल्य निवासाचा लाभ मिळत आला आहे. यात्रेकरूच्या निवाऱ्याची काळजी वाहणे हे पुण्यकर्म आहे, ही भावना या मातीत आहे. त्या निवाऱ्याचे खोटे वचन विकणे हे त्या परंपरेचेच विडंबन होय.

सांप्रत भारतातून हजला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हज समितीचा. ती कायद्याने स्थापन झालेली, नफा न कमावणारी संस्था आहे. दुसरा केंद्र सरकारकडे नोंदलेल्या खासगी आयोजकांचा. २०२५ साली भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी १,२२,५१८ समितीकडे आणि ५२,५०७ खासगी आयोजकांकडे होत्या. त्या वर्षी आयोजकांचे २६ संयुक्त गट करण्यात आले. परंतु मिना येथील तंबू, निवास व वाहतूक यांचे करार सौदी अरेबियाने घातलेल्या मुदतीत पुरे झाले नाहीत. सरकारी पातळीवरील बोलण्यांनंतर केवळ १०,००० जागांसाठी दार पुन्हा उघडले. पैसे भरून बसलेल्या हजारो लोकांची हज त्या वर्षी हुकली.

याहून भयंकर प्रकार अनधिकृत यात्रेचा. २०२४ च्या तीव्र उन्हाळ्यात हजच्या काळात १,३०१ जण मृत्युमुखी पडल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील ८३ टक्के लोकांकडे हजचा परवाना नव्हता. परवाना नसलेल्यास अधिकृत तंबू नाही, वाहन नाही, सावलीही नाही. इजिप्तने त्यानंतर सोळा प्रवासी कंपन्यांचे परवाने रद्द केले. भेटीच्या व्हिसावर ‘हज करवून आणतो’ असे सांगणारा मनुष्य स्वस्त तिकीट विकत नसतो. तो यात्रेकरूचा जीव पणाला लावत असतो.

मग सामान्य माणसाने काय करावे? पैसे देण्यापूर्वी आयोजकाचे नाव त्याच वर्षीच्या सरकारी यादीत पाहावे. गतवर्षीची नोंदणी पुरेशी नव्हे. खोली कोठे, किती अंतरावर, एका खोलीत किती जण, मिना येथील व्यवस्था कोणती, भोजन व परतीचे विमान कोणते, हे सारे लेखी घ्यावे. रक्कम बँकेमार्फत द्यावी व पावती घ्यावी. तिथे उणीव आढळल्यास छायाचित्रे काढावीत, सहप्रवाशांची नावे टिपून ठेवावीत.

इतके कागद असतील तर कायदा आपल्या दारी उभा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. पूर्वी सामान्यतः विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तेथे दावा लावावा लागे; आता तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे आयोजक हैदराबादचा असो वा मुंबईचा, मन्नाएखेळ्ळीचा हाजी बिदरच्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याला उत्तर देण्यास भाग पाडू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही. अनेकांची तक्रार एकच असेल तर आयोगाच्या अनुमतीने एकत्र दावा मांडता येतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. उमराहच्या सहलींनाही हाच आधार आहे. आणि जिथे सेवेतील उणीव नसून उघड फसवणूक आहे, तिथे पोलिसांत फिर्याद देण्याचा मार्ग निराळा आहेच.

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळतो. धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु जाणकारांकडून समजून घेतले ते असे की, कुरआनाने हजच्या काळात भांडणतंटा वर्ज्य सांगितला आहे, आणि त्याच ग्रंथातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याविषयी आहे. म्हणजे लेखी कागद मागणे हा अविश्वास नव्हे, ती शिस्त आहे. यात्रेत संयम राखणे हे हाजीचे शील झाले. त्या संयमाच्या आड लपणे ही ठकाची युक्ती झाली. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. चाचा गप्प राहिले, आणि पुढच्या वर्षी त्याच मध्यस्थाने आणखी काही घरांतून पैसे गोळा केले.

हा प्रश्न एका धर्माचाही नाही. पंढरपुरात बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांविरुद्धच्या तक्रारींतून १९७३ साली महाराष्ट्राने मंदिर कायदा केला, आणि प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते हक्क कायमचे संपले. म्हणून वारकऱ्याची भक्ती उणावली नाही. हिशेब मागितल्याने श्रद्धा कमी होत नाही.

अखेरीस माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या या सीमाभागात घरी दखनी बोलणारा मनुष्य कचेरीत कन्नड ऐकतो, नमाजानंतर उर्दू वाचतो आणि करारावर इंग्रजीत सही करतो. त्या सहीपूर्वी कोणीतरी त्याला तो कागद वाचून, समजावून दिला पाहिजे. हजच्या अर्जांच्या दिवसांत या शाळेच्या एका वर्गात आपल्यापैकी दोघे-तिघे रविवारी बसले, तरी पुष्कळ होईल. चाचा आज हयात नाहीत. त्यांच्या दाव्याची मुदतही केव्हाच सरली. पण यंदा त्यांच्याच गल्लीतून कोणीतरी निघणार आहे. त्याच्या हाती निदान एक पावती असावी, एवढे आपण पाहूया.