डोडोच्या फाटकामागची माणसं

जर्सी हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं छोटं बेट. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर दगडात कोरलेले डोडो आहेत. डोडो हा मॉरिशसचा उडता न येणारा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. जो प्राणी कुठल्याच पिंजऱ्यात दाखवता येणार नाही, त्यालाच या संस्थेनं आपलं बोधचिन्ह केलं. आत शिरणाऱ्याला सुरुवातीलाच सांगून टाकलं की इथलं काम प्राणी दाखवण्यापुरतं नाही.

या संस्थेबद्दल बोलताना आपल्याकडे एकच नाव निघतं, ते म्हणजे जेराल्ड डरेल. नाव योग्यच आहे आणि त्याच्याशी आपलं नातंही आहे. डरेल यांचा जन्म 7 जानेवारी 1925 रोजी जमशेदपूरला झाला. वडील अभियंते होते. आपण उच्चारलेला पहिला शब्द ‘झू’ होता, असं डरेल सांगत. वडिलांच्या निधनानंतर 1928 मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढचं ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरचं बालपण त्यांच्या पुस्तकांमुळे जगभर पोचलं. पण त्या लोकप्रियतेमुळेच त्यांच्या संस्थेविषयी काही समजुती घट्ट झाल्या आहेत. त्या दूर करणं गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांकडूनही आपण मग चुकीच्या अपेक्षा ठेवतो.

गैरसमज: हे एका माणसाचं स्वप्न आणि एका माणसाचं काम.

स्वप्न एकाचं होतं, हे खरं. 26 मार्च 1959 रोजी लेझ ओग्रे या जुन्या वाड्याच्या आवारात प्राणिसंग्रहालय उघडलं, त्यामागे डरेल यांची जिद्द होती. पण त्या जिद्दीला पैसा लागत होता आणि तो डरेल यांच्याकडे नव्हता. त्यांना लिहायला बसवलं ते पहिल्या पत्नी जॅकी यांनी. कर्जासाठी प्रकाशक रुपर्ट हार्ट-डेव्हिस उभे राहिले. म्हणजे आधी पुस्तकं, मग त्या पुस्तकांच्या भरवशावर उधारी आणि त्या उधारीवर पिंजरे.

चार वर्षांतच संस्था बुडण्याच्या बेतात आली. 1963 मध्ये डरेल यांनी कारभार हातात घेतला, जुन्या कर्जाचा भार स्वतःच्या अंगावर ओढला आणि जर्सी वाइल्डलाइफ प्रिझर्वेशन ट्रस्ट स्थापन केला. खासगी मालकीची जागा विश्वस्त संस्था झाली, हा माझ्या मते तिच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. त्यानंतर नुसती हौस पुरेशी नव्हती. हिशेब द्यावा लागणार होता, सभासदांना उत्तर द्यावं लागणार होतं. कचेरीत कॅथा वेलर हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत होत्या. उधारीच्या त्या वर्षांत त्यांचं काम पिंजऱ्यातल्या कामाहून कमी मोलाचं नव्हतं.

आणि जेरेमी मॅलिन्सन. 1959 मध्ये तात्पुरत्या नोकरीवर आलेला हा तरुण बेचाळीस वर्षं तिथेच राहिला आणि संस्थेचा संचालक म्हणून 2001 मध्ये निवृत्त झाला. डरेल मोहिमांवर, चित्रीकरणावर किंवा लिखाणात असत, तेव्हा रोजचा गाडा मॅलिन्सन ओढत. पक्ष्यांकडे शेप मॅलेट, सरपटणाऱ्यांकडे क्वेंटिन ब्लॉक्सम, ट्रस्टच्या कारभारात सायमन हिक्स, डरेल यांच्या सोबतीला जॉन हार्टली. वाचकांना ही माणसं डरेल यांच्या पुस्तकांतली पात्रं म्हणून भेटतात आणि तिथेच घोटाळा होतो. ती संस्थेचा कणा होती.

गैरसमज: असं प्राणिसंग्रहालय चालवायला प्राण्यांवर प्रेम असलं की पुरतं.

प्रेम लागतंच. त्यासोबत वही लागते. कुठलं पिल्लू कधी जन्मलं, त्याचे आईबाप कोण, ते काय खातं, कशानं आजारी पडलं, हे सगळं रोजच्या रोज लिहावं लागतं. थोड्याच जिवांवर प्रजाती तगवायची असेल तर कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे नात्यागोत्याचा हिशेब मांडूनच ठरवावं लागतं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र पाहत, तितक्याच काटेकोरपणे. नाहीतर जवळच्या नात्यातली पिल्लं निपजतात, अशक्त होतात आणि डोळ्यांसमोर वंश खालावतो.

मॉरिशसच्या गुलाबी पारव्याचंच पाहा. डरेल 1976 मध्ये मॉरिशसला गेले आणि पुढच्याच वर्षी हे पारवे जर्सीत आले. ते आईबाप म्हणून फारसे भरवशाचे निघाले नाहीत. मग त्यांची अंडी पाळीव होल्यांखाली ठेवून पिल्लं वाढवावी लागली. 1984 मध्ये मॉरिशसच्या पांपलमूस बागेत पहिले पारवे सोडले, तो प्रयोग फसला. काही पक्षी गलोलीला बळी पडले. त्यातून शिकून पुढे ब्लॅक रिव्हरच्या जंगलात पुन्हा सुरुवात केली. 1990 च्या सुमारास जंगलात या जातीचे जेमतेम दहा पक्षी उरले होते. आज चारशेहून अधिक आहेत.

गैरसमज: काम कुंपणाच्या आत चालतं आणि प्रजाती पिंजऱ्यात वाचते.

हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

1974 मध्ये मॉरिशसच्या केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे जंगलात चारच पक्षी शिल्लक असल्याची नोंद होती. जंगलतोड, डीडीटीची फवारणी, बाहेरून आणलेली माकडं आणि मुंगूस अशी सगळीच संकटं एकत्र आली होती. 1979 मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा विशीतला जीवशास्त्रज्ञ तिथे गेला, तेव्हा हा पक्षी वाचवण्याचा प्रकल्प गुंडाळण्याचीच भाषा सुरू होती. जोन्स यांनी तो गुंडाळला नाही. मादीनं घातलेली पहिली अंडी अलगद काढून उबवणी यंत्रात ठेवली की मादी पुन्हा अंडी घालते, हे हेरून त्यांनी एकाच हंगामात पिल्लांची संख्या वाढवली. जंगलातल्या जोड्यांना जादा खाणं पुरवलं, घरट्यांसाठी खोकी बसवली. पुढच्या दोन दशकांत ते चार पक्षी शेकडोंवर गेले. जोन्स यांच्या पाठीशी ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांत डरेल यांची संस्था होती. या संस्थेच्या नेतृत्वाचा एक मोठा भाग जर्सीच्या बत्तीस एकरांत नव्हताच. तो हजारो किलोमीटर दूर, डोंगरकड्यावर दोरीला लटकून घरटं तपासत होता. 2016 मध्ये जोन्स यांना इंडियानापोलिस पारितोषिक मिळालं. वन्यजीव संरक्षणातलं ते अत्यंत मानाचं पारितोषिक आहे.

मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवर तर याहून स्पष्ट दिसतं. तिथले दुर्मीळ सरडे आणि बोआ साप जर्सीत वाढवले गेले, पण तेवढ्यानं बेट वाचणार नव्हतं. माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि ससे तिथला झाडोरा खाऊन संपवत होते. आधी शेळ्या हटवल्या, मग 1986 मध्ये ससे हटवले आणि मग ताडाची रोपं पुन्हा उगवू लागली. साप वाचवायचा तर आधी ताड वाचवावा लागतो. हे तिकीट काढून आत आलेल्या प्रेक्षकाला दिसत नाही आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

गैरसमज: डोकं युरोपचं आणि राबणारे हात स्थानिकांचे.

सुरुवात तशी होती, हे मान्य करायला हवं. डरेल यांनी तारुण्यात कॅमेरूनमधून प्राणी पकडून आणले आणि इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांना विकले. त्या काळी ती रीत होती. पण ज्या देशाचा प्राणी, त्या देशाच्या माणसांनीच त्याची जबाबदारी घेतली पाहिजे, हे त्यांना आणि मॅलिन्सन यांना पुढे पक्कं उमगलं. 1983 मध्ये मादागास्करच्या सरकारशी करार झाला. त्यात पुढाकार होता ली डरेल यांचा. ली या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ. मादागास्करमधल्या प्राण्यांच्या आवाजांवर त्यांनी संशोधन केलं होतं आणि 1979 मध्ये त्यांचा डरेल यांच्याशी विवाह झाला. ‘डरेल यांच्या पत्नी’ एवढीच त्यांची ओळख करून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्याच सुमारास जर्सीत प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच जगभरच्या तरुणांना राहण्याची आणि शिकण्याची सोय झाली. जर्सीचे पहिले प्रशिक्षणार्थी मॉरिशसचे युसूफ मुंगरू. पुढे मॉरिशसचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच होते. आजवर शंभराहून अधिक देशांतली माणसं या केंद्रातून शिकून आपापल्या देशांत परतली आहेत. मला विचाराल तर जर्सीचं सर्वांत मोठं काम गोरिला किंवा पारव्यांचं नाही, हे आहे.

यश सगळीकडे आलं असंही नाही. मादागास्करच्या अंगोनोका कासवांसाठी 1986 मध्ये प्रकल्प सुरू झाला. दहा वर्षांनी, 1996 मध्ये, प्रजनन केंद्रातूनच पंचाहत्तर कासवं चोरीला गेली. चोरबाजारात त्यांना येणारी किंमत हाच त्यांचा शत्रू आहे आणि तो आजही संपलेला नाही.

गैरसमज: संस्थापक गेला की संस्था विझते.

30 जानेवारी 1995 रोजी डरेल गेले. त्याच वर्षी त्यांच्या ट्रस्टनं आसामचं वन खातं, केंद्र सरकार आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा रानडुकरांवर काम करणारा गट यांच्याबरोबर पिग्मी हॉग वाचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पिग्मी हॉग म्हणजे जेमतेम वीतभर उंचीचं, उंच गवतात राहणारं, जगातलं सर्वांत लहान रानडुक्कर. ते संपलं असंच समजलं जात होतं. 1971 मध्ये आसामात ते पुन्हा सापडलं.

1996 मध्ये आसामातल्या मानसच्या गवताळ रानातून सहा पिग्मी हॉग पकडले आणि गुवाहाटीजवळच्या बसिष्ठ इथे त्यांचं प्रजनन सुरू केलं. हे काम जर्सीत न करता आसामातच करायचं, ही आधीच्या तीस वर्षांच्या अनुभवाची देणगी होती. गौतम नारायण, पराग डेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेलं. सोडण्यापूर्वी या डुकरांना नामेरीजवळ पोटासालीला, खऱ्या रानासारख्या गवतात, काही महिने माणसांपासून शक्य तितकं दूर ठेवतात. माणसाला सरावलेलं जनावर रानात टिकत नाही. 2008 मध्ये सोनाई रूपाई अभयारण्यात पहिली तुकडी सोडली. मग ओरांग आणि बरनदी आणि 2020 मध्ये जिथून ती आणली होती त्या मानसमध्येच. आजवर शंभराहून अधिक पिग्मी हॉग गवतात परतले आहेत. गवत चुकीच्या वेळी जाळलं जाणार नाही, यासाठी वन खात्याच्या रक्षकांनाही सोबत घ्यावं लागतं, कारण डुकरांचं घर म्हणजे ते गवतच.

जर्सीत ली डरेल यांनी मानद संचालकपद सांभाळलं आणि 1999 मध्ये ट्रस्टला डरेल यांचं नाव दिलं गेलं.

गैरसमज: मोठे, देखणे प्राणी नसतील तर लोक येणार नाहीत.

जर्सीत हत्ती किंवा जिराफ नाहीत, गोरिला मात्र आहेत. 31 ऑगस्ट 1986 रोजी पाच वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या आवारात पडून बेशुद्ध झाला, तेव्हा जांबो नावाचा नर गोरिला त्याच्याजवळ बसून राहिला आणि त्यानं पाठीला हात लावला. ते चित्रीकरण जगानं पाहिलं. गोरिला म्हणजे खुनशी राक्षस, ही समजूत त्या काही मिनिटांनी जितकी पुसली, तितकी कुठल्या पाटीनं पुसली नसती. पण त्याच संस्थेत लोक साप, पाली आणि बेडूक पाहायलाही येतात, कारण त्यांची गोष्ट सांगणारं कुणीतरी तिथे असतं.

आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये आलं आणि 1998 च्या राष्ट्रीय धोरणानं प्राणिसंग्रहालयांचं मुख्य काम संवर्धनाला हातभार लावणं हेच ठरवलं. मुंबईची राणीची बाग 1862 ची, म्हणजे जर्सीच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची. पुण्याचं कात्रजचं उद्यानही त्याच नियमांखाली चालतं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन तिथे जाल, तेव्हा पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं जास्त थांबा. राखणदाराला विचारा की या प्राण्याच्या नोंदी कोण ठेवतं, याची जोडी कशी ठरते, इथे वाढलेला कुठला जीव परत रानात गेला. उत्तर मिळालं तर त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा. नाही मिळालं तर संचालकांना पत्र लिहा.