ई-पुस्तकाची विद्या फुकट मिळते

मंडळी, आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत एखादी जाड वही असेल. कुणी गावच्या जात्यावरच्या ओव्या उतरून ठेवल्या असतील, कुणी डाळिंबाच्या बागेची दहा वर्षांची टिपणे. छापायचे म्हटले की खर्च आड येतो. तेवढ्यात कुणी भेटतो नि म्हणतो, “इतके हजार भरा, तुमचे ई-पुस्तक काढून देतो.” पैसे देण्यापूर्वी जरा थांबा. ही विद्या फुकट शिकता येते.

ई-पुस्तक म्हणजे फोनच्या पडद्यावर वाचायचे पुस्तक. पीडीएफमध्ये पान ठरलेले असते. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब नावाच्या प्रकारात मजकूर पाण्यासारखा असतो, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो. म्हणून वाचायला ईपब सोयीचे.

पहिली गोष्ट टंकलेखनाची. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेले मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर भलतीच चिन्हे होऊन बसते. टाइप करणाऱ्याला हे आधीच बजावा.

दुसरी गोष्ट बांधणीची. लिबरऑफिस हे विनामूल्य साधन २०१८ पासून थेट ईपब तयार करून देते. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला त्यातली ‘शीर्षक’ ही शैली द्या, म्हणजे प्रकरणे आपोआप वेगळी पडतात. ईपब तपासायला कॅलिबर हेही साधन फुकट आहे.

तिसरी गोष्ट विक्रीची. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके आहेत. तेथे पुस्तक ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि ते कसे ठेवावे याचे धडेही तेथेच विनामूल्य वाचायला मिळतात. लेखकाचा वाटा ३५ किंवा ७० टक्के. आता तुम्ही म्हणाल, ७० च घेऊ! पण त्याला अटी आहेत, आणि त्यात फाइलीच्या वजनाप्रमाणे पाठवणावळ कापतात. तेव्हा फोटोंची गर्दी करू नका आणि अटी नीट वाचा.

अमेरिकेत मार्क कोकर यांनी २००८ साली स्मॅशवर्ड्स ही संस्था काढली आणि मांडणी व विक्री या दोन्ही विषयांवर पुस्तके लिहून ती विनामूल्य वाटली. ती इंग्रजीत आहेत. गुरुजींनो, इथे तुमचे काम आहे. एकाने वाचावे आणि चौघांना मराठीत समजावून सांगावे.

आयएसबीएन क्रमांकासाठीही कुणी पैसे मागतो. किंडलला त्याची गरज नाही. हवाच असेल तर भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो विनाशुल्क देते.

एक मात्र ध्यानात ठेवा, दुसऱ्याचे लेखन आपल्या पुस्तकात घालू नका. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्यामागे ६० वर्षे राहतो.

पुस्तक ठेवले म्हणजे खपले, असे नव्हे. कष्ट लागतातच, शुद्धलेखन तपासायला दुसरा डोळाही लागतो. पण घरचा पैसा अडकवावा लागत नाही. तेव्हा ती वही बाहेर काढा आणि आधी एकच प्रकरण टाइप करून पाहा. बाकीचे मग सुचेल.